टँकरच्या आधी घरातली गळती

खालापूर, जि. रायगड

प्रति,
कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील सर्व सरपंच, उपसरपंच
आणि गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांचे सदस्य



दिवाळी सरली की टंचाई आराखड्याची लगबग सुरू होते. कुठल्या वाडीला टँकर लागेल, कुठे नवी विंधण विहीर घ्यायची, कुठल्या विहिरीतला गाळ उपसायचा, कुठल्या नळयोजनेची विशेष दुरुस्ती करायची, याची यादी आपल्याकडून पंचायत समितीत आणि तिथून वर जाते. या यादीत आणखी एक ओळ घाला, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. नळयोजनेची दुरुस्ती विहिरीपासून सुरू होते, टाकीला, व्हॉल्वला, गल्लीतल्या पाइपला हात लावते आणि लोकांच्या दाराशी येऊन थांबते. दाराच्या आतली गळती कुठल्याच आराखड्यात नसते. ती घरमालकाची खासगी बाब समजली जाते आणि घरमालक ती किरकोळ समजतो.

मी या भागात नळाची कामं करतो. चौक, वावोशीपासून तिकडे कडाव, कशेळ्यापर्यंत घरोघरी जाणं होतं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं तेव्हापासून आपल्या गावांत किती पाइप टाकला गेला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रस्ते खणले गेले, टाक्या उभ्या राहिल्या, दारोदारी नळ आले. माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्या योजनेचं माप. नळ बसवण्याचं काम ठेकेदारानं केलं. पण बसवलेला नळ दोन वर्षांनी गळू लागला तर बोलवायचं कुणाला, याची व्यवस्था बहुतेक गावांत नाही. खोपोलीहून किंवा कर्जतहून प्लंबर बोलवावा तर त्याचं जाण्यायेण्याचं भाडंच वायसरच्या वीसपट होतं. एका वायसरसाठी तो येतही नाही. त्याचा दिवस जातो, हेही खरं आहे. मग बाई नळाखाली बादली ठेवते, बादली भरली की पाणी झाडाला घालते आणि मनाची समजूत काढते. रात्री ती बादली ओतायला कुणी उठत नाही.

आपल्याकडे पाऊस कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, माथेरानच्या डोंगरावर त्याहून जास्त. आपल्याच चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे आणि ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचं आहे. त्यातलं पाणी घाट न चढता सरळ नवी मुंबईला जातं. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते ती टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते वीजगृह १९१५ साली सुरू झालं. कर्जतकडे उल्हास नदीला असंच पाणी १९२२ पासूनच्या भिवपुरीच्या वीजगृहातून मिळतं. घाटमाथ्यावरच्या तलावांत साठलेला पाऊस आपल्या डोळ्यांदेखत खाली येतो आणि ज्यांच्या नावावर तो लिहिलेला आहे त्यांच्याकडे जातो. त्या वाटपाबद्दल माझं मत आहे आणि ते कधीतरी वेगळं लिहीन. धरणाचा हिस्सा वाढवून घ्यायला मंत्रालयाच्या खेपा लागतात. घरातला गळका नळ बदलायला पाना लागतो. दोन्ही करायला हवं, पण दुसऱ्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आधी हिशोब मांडतो, कारण सभेत पहिला प्रश्न हाच येतो की थेंबाथेंबानं असं किती जातं.

थेंब पडणाऱ्या नळाखाली पाण्याचा साधा ग्लास ठेवा, दोनशे मिलिलिटरचा. तो वीस मिनिटांत भरला तर तासाला तीन ग्लास, चोवीस तासांत बहात्तर ग्लास, म्हणजे चौदा लिटरच्या वर. सरकारनं एका माणसासाठी ठरवलेल्या ५५ लिटरांचा तो चौथा हिस्सा झाला. हे मात्र जिथे छपरावर टाकी आहे आणि लाइनला दिवसरात्र पाणी असतं तिथलं. ज्या वाडीत दिवसाआड तासभरच पाणी येतं तिथे तोच नळ तेवढाच वेळ गळतो. आता दुसरा हिशोब बघा. टाकीचा बॉलकॉक नीट बसत नाही आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पेन्सिलीच्या शिशाएवढी धार लागली आहे. लिटरची बाटली दोन मिनिटांत भरते. तासाला तीस लिटर, दिवसाला ७२० लिटर. हे तेरा माणसांचं दिवसाचं पाणी आहे आणि ते भिंतीवरून उतरून मागच्या परसात जिरतं. दीड-दोनशे घरांच्या गावात अशी दहा घरं असली, तर सात हजार लिटरांवर पाणी रोज जमिनीत गेलं. म्हणून टपटपणाऱ्या नळापेक्षा मला न वाजणाऱ्या गळतीची जास्त चिंता वाटते. नळाचा थेंब कानाला टोचतो, लोक कधी ना कधी तो बदलतात. ओव्हरफ्लो, संडासाचा फ्लश आणि जमिनीतला सांधा या तीन जागा वर्षानुवर्षं चालू राहतात.

त्या शोधायला यंत्र लागत नाही. ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी घरातले सगळे नळ बंद करून मीटरच्या काचेत बघावं. आत एक बारीक चक्री असते. नळ बंद असताना ती फिरत असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. मीटर नसेल तर छपरावरच्या टाकीचा उपयोग होतो. रात्री सगळे झोपल्यावर टाकीत येणारा कॉक बंद करायचा, काठी उभी बुडवून पाण्याच्या रेघेवर खडूनं खूण करायची आणि पहाटे कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा काठी घालायची. हजार लिटरच्या गोल टाकीत पाणी एक सेंटीमीटर उतरलं तर सुमारे आठ-दहा लिटर गेलं असं समजा. मग टाकीतून घरात जाणारा कॉक बंद करून दुसऱ्या रात्री तेच करायचं. पाणी उतरायचं थांबलं तर गळती घरात आहे. तरीही उतरलं तर टाकीच्या तळाशी किंवा बुडाच्या सॉकेटला आहे.

फ्लशची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण पाणी पांढऱ्या भांड्यावरून पांढरंच उतरतं. फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालायची नीळ टाका आणि अर्धा तास कुणी फ्लश ओढू नका. भांड्यात निळी रेघ दिसली की आतला रबर गेला. तो रबर कर्जतच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

जमिनीतली गळती शोधायला मात्र सवय लागते. जुने व्हॉल्वमन लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर टेकवून दुसरं कानाला लावायचे. रात्री गाव शांत असताना पाइपमधून पाणी फुटण्याची सूं ऐकू येते आणि जसजसं जवळ जावं तसा आवाज स्वच्छ होतो. आपल्याकडे याहून सोपी एक खूण आहे. मार्च महिन्यात सगळं अंगण करपलेलं असताना एखाद्या पट्ट्यात गवत हिरवंगार दिसलं किंवा न लावता अळू उगवलं, तर खाली फावडं मारून बघावं. पावसाळ्यात या खुणा मिळत नाहीत, सगळीच जमीन ओली असते. म्हणून गळती शोधायचा आपला हंगाम जानेवारी ते मार्च. तेव्हा हे काम केलं नाही तर वर्ष गेलं.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धी गळती चुकीच्या दुरुस्तीतून येते. मागच्या उन्हाळ्यात कर्जतकडच्या एका वाडीत एका घरासमोर नळ पाहिला. पितळी तोटी होती, चांगली जड. तिच्या मानेला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली, पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर सुतळी आणि या सगळ्यातून पाणी पाझरतच होतं. घरातल्या आजी म्हणाल्या, दर महिन्याला नवी पट्टी बांधते. मी पट्टी सोडली. तोटीच्या दांडीभोवतीची नट ढिली झाली होती. पान्यानं पाव फेरा दिला आणि पाणी थांबलं. तोटीत काहीच बिघडलं नव्हतं. त्या आजींनी महिन्यामागून महिने त्या नळावर मेहनत केली होती. मेहनतीत त्या कमी पडल्या नव्हत्या. एकदा दाखवणारं माणूस त्यांना मिळालं नव्हतं.

नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर वायसर गेला आहे. मेन कॉक बंद करून, पान्याच्या दातांनी पितळ खरवडू नये म्हणून फडकं गुंडाळून, वरचा भाग उघडायचा आणि खालचा गोल रबर बदलायचा. कर्जत स्टेशनवरच्या एका वड्याच्या पैशांत वायसर येतो. नवा वायसरही महिनाभरात फाटला तर ज्या कडेवर तो बसतो ती कड खरखरीत झाली आहे, तोटीच बदला. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांना वायसर नसतो, आत चकतीचा गोळा असतो, तो आख्खा बदलावा लागतो. हे न कळल्यामुळे लोक तो नळ जोर लावून पिळतात आणि मोडतात.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची असते. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. प्लॅस्टिकच्या पाइपला सोल्युशन लावण्याआधी दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. ओल्या पाइपवर लावलेलं सोल्युशन किंवा एम-सील धरत नाही. पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपचं सोल्युशन वेगळं आणि गरम पाण्याच्या पिवळट सीपीव्हीसीचं वेगळं. पत्र्यावरून उघडा नेलेला यूपीव्हीसी पाइप उन्हानं ठिसूळ होतो आणि चार-पाच उन्हाळ्यांनंतर हात लागला तरी तडकतो. त्याला रंगाचा एक हात दिला तर तो टिकतो. घरकुलांमध्ये हे पाइप सर्रास उघडे असतात. रंगाचा एक डबा अख्ख्या आळीला पुरेल.

आता एका मोठ्या गोष्टीकडे येतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊस आणि दुसरी घरं किती झाली आहेत ते आपण जाणता. घरपट्टीच्या वहीत ती आहेत. मालक शुक्रवारी रात्री येतात, रविवारी संध्याकाळी मुंबईला परततात. मधले पाच दिवस घराला कुलूप. त्यांच्या छपरावरच्या टाकीला बोअरवेलचा पंप जोडलेला असतो आणि तो आपोआप चालतो: टाकी उतरली की सुरू, भरली की बंद. ही सोय चांगली आहे, पण ती गळती लपवते. साध्या घरात टाकी रिकामी झाली की माणूस विचारतो, पाणी गेलं कुठे? इथे टाकी कधी रिकामी होतच नाही. फ्लशमधून पाणी जातं, पंप भरून काढतो, पुन्हा जातं, पुन्हा भरतो. मालकाला महिन्याच्या वीजबिलात काही शेकडे जास्त दिसतात आणि तो ते एसीच्या नावे लिहितो. जमिनीखालचं पाणी मात्र शेजारच्या वाडीच्या विहिरीचंही असतं. काळ्या कातळाच्या भेगांमध्ये साठणारं हे पाणी थोडं असतं. एका बोअरचा पंप विनाकारण चालत राहिला तर जवळच्या उथळ विहिरीचा तळ एप्रिलऐवजी मार्चमध्ये दिसतो.

या मालकांशी भांडण्याची गरज नाही. त्यातले बहुतेक ऐकणारे लोक आहेत, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं. घरपट्टीच्या बिलासोबत ग्रामपंचायतीनं एक कागद द्यावा: निघताना पंपाचं बटण बंद करा, टाकीखालचा मेन कॉक बंद करा, वर्षातून एकदा गावच्या कारागिराकडून गळती तपासून घ्या आणि त्याची पावती ग्रामपंचायतीत द्या. बंगल्याची राखण करणाऱ्या कुटुंबाला मेन कॉक कुठे आहे ते दाखवून ठेवायला सांगा. अनेक बंगल्यांत तो कॉक लाद्यांखाली गाडला गेला आहे आणि राखणदाराला तो कुठे आहे तेच ठाऊक नसतं.

गावठाणात आणि वाड्यांवर अडचण वेगळी आहे. तिथे पुष्कळ नळांना तोटीच नसते. सरपंच वैतागतात, दंडाचा ठराव करतात, तोट्या बसवतात आणि पंधरा दिवसांत त्या पुन्हा गायब. यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. पाणी कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून बाया नळ उघडा ठेवतात, खाली हंडा लावतात, म्हणजे पाणी आल्याचा आवाज होईल आणि कळेल. शेवटच्या घरांना धार बारीक मिळते, म्हणून ते तोटी काढतात. पाण्याची वेळ ठरवून पाळली, सोडण्याआधी भोंगा वाजवला किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला आणि व्हॉल्व थोडेथोडे फिरवून खालच्या-वरच्या आळीचा दाब सारखा केला, तर तोटी काढायचं कारणच उरत नाही. तोटी हा ग्रामपंचायतीवरच्या विश्वासाचा प्रश्न आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आणि गळतीच्या भोकातून पाणी फक्त बाहेर जात नाही, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. जिथे पाणी ठरावीक वेळच येतं तिथे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. पाणी बंद होताना पाइपमध्ये ओढ तयार होते आणि सांध्याच्या त्याच फटीतून आजूबाजूचं पाणी आत येतं. आपल्याकडे घरापर्यंतचा पाइप किती ठिकाणी गटारातून नेलेला आहे, ते एकदा चालत जाऊन बघा. सकाळच्या पहिल्या पाण्याला जो गढूळपणा आणि वास असतो तो तिथला. टाकीत टीसीएल पावडर टाकली, टाकीजवळच्या नळावर क्लोरीनची ओटी टेस्ट चांगली आली, तरी गटारातून गेलेल्या शेवटच्या घरात ती चांगली येईलच असं नाही. म्हणून ओटी टेस्ट नेहमी शेवटच्या नळावर घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब आणि काविळीचे रुग्ण एकाच आळीत निघाले, तर औषधाइतकंच त्या आळीतला पाइप उघडून बघण्याचं काम तातडीचं आहे.

घरातली गळती हा सार्वजनिक प्रश्न मानून काम करणाऱ्या एका माणसाचं नाव इथे घेतलंच पाहिजे. मीरा रोडचे आबिद सुरती. चित्रकार, लेखक, ‘बहादूर’ या चित्रकथेचे जनक. २००७ साली, सत्तरी पार केलेली असताना, त्यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. उत्तर प्रदेशातल्या हिंदी साहित्य संस्थेकडून मिळालेले पुरस्काराचे एक लाख रुपये त्यात घातले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका सोबत घेऊन ते इमारतीत जायचे, दाराची घंटा वाजवायचे, नळ गळतो का विचारायचे आणि फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी सोळाशेच्या वर घरांना भेट दिली आणि चारशेच्या वर नळ दुरुस्त केले. म्हणजे चार घरांमागे एक नळ. हे मुंबईच्या उपनगरात, जिथे प्लंबर फोनवर मिळतो. आपल्याकडचं प्रमाण काय निघेल याचा विचार करा. मला त्यांच्या कामात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची रीत: लोकांनी तक्रार करावी म्हणून ते थांबले नाहीत, स्वतः दारात गेले. गळक्या नळाची तक्रार कुणी करत नसतं.

दुसरं उदाहरण परदेशातलं: दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनजवळ खायेलित्शा नावाची मोठी वस्ती आहे. तिथे रात्री सगळे झोपलेले असतानाही पाणी भरपूर वापरलं जात होतं. शोध घेतल्यावर कळलं की रस्त्यावरच्या पाइपांपेक्षा घरातले नळ आणि संडासाच्या टाक्या जास्त गळत होत्या. हलक्या प्रतीचं सामान आणि त्यावर पाण्याचा जादा दाब, हे कारण. २००१ साली दाब कमी केला आणि वर्षाला सुमारे ९० लाख घनमीटर पाणी वाचू लागलं. आपल्या डोंगराळ गावांना हे तंतोतंत लागू आहे. टाकी टेकडीवर, वस्ती खाली. खालच्या आळीत दाब इतका की स्वस्तातली प्लॅस्टिकची तोटी वर्षभरही तग धरत नाही. त्या आळीला एक व्हॉल्व बसवून दाब उतरवणं हे शंभर तोट्या बदलण्यापेक्षा स्वस्त आहे. पुढे २०१८ च्या दुष्काळात त्याच केपटाऊननं माणशी ५० लिटरची मर्यादा घातली आणि जगभर त्याची बातमी झाली. आपल्या वाड्यांना चांगल्या वर्षी मिळायचं ठरलेलं पाणी त्याहून फक्त पाच लिटर जास्त आहे. आपल्याला गळतीची चैन परवडणारी नाही.

दक्षिण आफ्रिकेनंच २०१५ मध्ये गळती थांबवण्यासाठी पंधरा हजार तरुणांना प्रशिक्षण द्यायची मोहीम काढली. ती फसली, शिकलेल्या अनेकांना पुढे कामच मिळालं नाही. हे सांगतो कारण आपल्याकडेही ‘नल जल मित्र’ नावानं गावातल्याच माणसांना नळ, मोटार, वीज यांचं काम शिकवण्याचा कार्यक्रम आला आहे. प्रमाणपत्राचा कागद देऊन ग्रामपंचायत मोकळी झाली, तर शिकलेला मुलगा रसायनीच्या कंपनीत कामाला जाईल आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याला गावात काम आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत.

म्हणून माझं मागणं नेमकं सांगतो. गावातला एक कारागीर ग्रामपंचायतीनं ठरवावा, आणि वाड्यांमध्ये कातकरी, ठाकर समाजातली शिकू इच्छिणारी मुलं-मुली असतील तर त्यांना आधी विचारावं. आपल्या वाडीतला पाइप त्यांच्याइतका कुणाला माहीत नसतो. जानेवारी ते मार्च या काळात त्यानं प्रत्येक घरात एकदा जावं, वायसर, टेप, बॉलकॉक, फ्लशचा रबर, दोन-चार तोट्या यांची पेटी ग्रामपंचायतीनं त्याला भरून द्यावी आणि घरामागे ठरलेली मजुरी द्यावी. बंगल्यांकडून पूर्ण दर घ्यावा, वाड्यांवर घेऊ नये. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. पाण्यासाठी पैसा ही नवी गोष्ट राहिलेली नाही. पाण्याची तपासणी करायला प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किट शिकवायचं ठरलेलं आहे. त्या पाच जणींनी तपासणीला जाताना प्रत्येक घरातला नळ आणि फ्लशही बघावा आणि वहीत नोंद करावी. घरातली गळती बाईला आधी दिसते, पुरुषाला बिल आल्यावर. पाणीसमितीत निम्म्या महिला असायला हव्यात असा नियम आहेच. त्यांना हे काम नेमून द्या, त्यांच्या सह्या घेण्यापुरतं ठेवू नका.

मीटरबद्दल गावांत नाराजी आहे, हे जाणून आहे. पण कराडजवळच्या मलकापूरनं २००९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू केली ती मीटर बसवूनच, आणि जास्त वापराला जास्त दर लावून. त्या कामाला २०१० चा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. वापर मोजला जाऊ लागला की लोक आपल्या घरातली गळती आपणच शोधतात. सगळ्या गावाला एकदम मीटर नको असतील तर निदान बंगले, हॉटेलं, रिसॉर्ट यांच्यापासून सुरुवात करा, आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक मीटर बसवा. रात्री दोन वाजता त्या आळीत किती पाणी जातं ते कळलं तरी पुरे. झोपलेल्या आळीत जाणारं पाणी बहुतेक गळतीचंच असतं.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव लांबलचक नको. कारागिराचं नाव, सामानाची पेटी, घरोघरच्या फेरीची तारीख आणि फेरीत सापडलेल्या गळतीचा आकडा पुढच्या, १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा, एवढं लिहिलं तरी चालेल. टँकरची मागणी त्या आकड्याच्या जोडीनं वर पाठवा. तेव्हा तिचं वजन वाढेल. ज्या गावाला सामान काय घ्यायचं, कुठलं टिकतं, कुणाला शिकवायचं याबद्दल विचारायचं असेल त्यांनी निरोप पाठवावा. मी येईन आणि तुमच्या मुलामुलींना पाना धरायला शिकवीन. त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
खालापूर तालुक्यातला एक नळकारागीर